ऑफिसच्या नेटवर्कवर फाइल कॉपी व्हायला फार वेळ लागतोय, ११ एमबीच्या वर जातच नाही

शाईपेन | ८ सप्टेंबर २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

पुण्यात आमचं प्रीप्रेसचं (छपाईआधी पानं तयार करायचं) ऑफिस आहे. गणपती परवाच उठले आणि आता दिवाळी अंकांचं काम अंगावर आलंय. नेमक्या याच वेळी नेटवर्कनं जीव मेटाकुटीला आणलाय. मी मूळची डिझायनर. आयटीचा माणूस आमच्याकडे नाही, त्यामुळे हे सगळं माझ्याकडे आहे.

मांडणी सांगते. तळमजल्यावर हॉल, तिथे नऊ कॉम्प्युटर आणि १६ पोर्टचा गिगाबिट (सेकंदाला हजार मेगाबिटचा) स्विच, म्हणजे सगळ्यांच्या केबली जिथे जोडल्या जातात तो डबा. वरच्या मजल्यावर साहेबांच्या केबिनशेजारी एक छोटी खोली आहे. त्यात एनएएस (सगळ्यांच्या फाइली ठेवायचं नेटवर्कवरचं साठवण यंत्र, चार डिस्कचं, पाच वर्षं जुनं), राउटर आणि आठ पोर्टचा स्विच, तोही गिगाबिट. वरचा आणि खालचा स्विच जोडणारी एकच केबल भिंतीतून येते.

मुखपृष्ठाची लेयरवाली फाइल साधारण २ जीबीची असते. एनएएसवरून ती घ्यायला पूर्वी वीस-पंचवीस सेकंद लागायचे. आता तीन मिनिटं लागतात. दुपारी सगळे कामाला बसले की आठ-दहा मिनिटंसुद्धा. पंचांगाची पानं, कथा, जाहिराती असं करत एका अंकासाठी दिवसाला पन्नास वेळा ही ने-आण होते. काल आमचा एक मुलगा रात्री साडेअकराला घरी गेला, तो काम जास्त होतं म्हणून नव्हे, तर फाइल यायची वाट बघत बसला म्हणून.

आतापर्यंत केलेले उपाय: दोन्ही स्विच आणि एनएएस बंद-चालू केले, अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करून पाहिला, माझ्या कॉम्प्युटरची केबल बदलली. नेटवर्कच्या स्टेटसमध्ये स्पीड १.० जीबीपीएस दाखवतोय, म्हणजे तिथे गडबड नाही. ज्यांच्याकडून सामान घेतो ते म्हणतात एनएएस जुना झाला, नवा घ्या. साहेब पैसे द्यायला तयार आहेत. पण एवढा खर्च करूनही फरक पडला नाही तर काय, ही धास्ती आहे.

कुठून सुरुवात करू?

उंबरठा | ८ सप्टेंबर, रात्री १०.१५

शाईपेन, नवा एनएएस सध्या थांबवा. आधी मोजमाप हवं.

सकाळी कुणी आलेलं नसताना एकच मोठी फाइल एनएएसवरून तुमच्या कॉम्प्युटरवर ओढा. कॉपीच्या खिडकीत ‘मोअर डिटेल्स’ दाबलं की आलेख दिसतो. आकडा नेमका किती ते लिहून ठेवा, आणि आलेखाचा आकारही बघा. सुरुवातीला उंच जाऊन मग कोसळतो, सारखा वरखाली होतो, की सपाट राहतो? तिन्हींची कारणं वेगळी असतात. उंच जाऊन कोसळत असेल तर बहुधा डिस्क किंवा तिची कॅश (तात्पुरती साठवण). दातेरी करवतीसारखा असेल तर गळणारी पाकिटं (फाइल ज्या तुकड्यांनी जाते ते तुकडे). सपाट असेल तर कुठेतरी अरुंद गल्ली आहे.

मग तेच काम एखाद्या जुन्या कॉम्प्युटरवरून करा.

केशरी | ८ सप्टेंबर, रात्री १०.५०

ऑक्टोबरात विंडोज १० चा पाठिंबा संपतोय म्हणून तुम्ही इतक्यात नवी मशिनं घेतलीत का? विंडोज ११ प्रो च्या २४एच२ आवृत्तीपासून एसएमबी (विंडोजची नेटवर्कवरून फाइली देण्या-घेण्याची पद्धत) साइनिंग आपोआप सक्तीचं झालंय. म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक निरोपावर सही होते आणि ती तपासली जाते. पाच वर्षं जुन्या एनएएसचा प्रोसेसर त्या कामानं दमतो. आमच्याकडे याचाच त्रास झाला होता. साइनिंग बंद करून बघा.

उंबरठा | ८ सप्टेंबर, रात्री ११.०५

केशरी, शंका रास्त आहे, पण बंद करायचा सल्ला मला पटत नाही. वाटेत कुणी निरोप बदलू नये म्हणून ती सही असते. ऑफिसच्या नेटवर्कवर घुसलेलं रॅन्समवेअर अशाच उघड्या दारांतून पसरतं. शिवाय दोष साइनिंगचा असेल तर विंडोज १० ची जुनी मशिनं वेगानं चालायला हवीत. म्हणूनच जुन्या मशिनवरून मोजायला सांगितलं.

शाईपेन | ९ सप्टेंबर, सकाळी ९.२५

आज साडेआठलाच आले. ऑफिसात फक्त मी आणि झाडू मारणाऱ्या मावशी.

नव्या मशिनवर (चार नवी घेतलीत, केशरींचा अंदाज बरोबर) २.१ जीबीची फाइल ओढली: ११.३ एमबी प्रति सेकंद. जुन्या विंडोज १० वर तीच फाइल: ११.२. उलट दिशेनं, म्हणजे एनएएसवर टाकतानाही ११.२. आलेख पहिल्यापासून शेवटपर्यंत सपाट, कात्रीनं कापल्यासारखा.

आता सव्वानऊला तिघंजण आले आणि तिघांनी फाइली घ्यायला सुरुवात केली, तर माझा आकडा चारवर आला.

तारतम्य | ९ सप्टेंबर, सकाळी ११.३०

ताई, तुमच्या ११.३ नं सगळं सांगून टाकलं. पंचवीस वर्षं केबल ओढतोय, हा आकडा दिसला की मी दुसरं काही बघत नाही.

हिशेब असा. नेटवर्कचा वेग बिटमध्ये मोजतात आणि फाइल बाइटमध्ये. आठ बिटचा एक बाइट. १०० मेगाबिटच्या लाइनला आठनं भागलं की १२.५ येतात. त्यातला थोडा भाग पाकिटावरचे पत्ते, दोन पाकिटांमधली मोकळी जागा यात जातो, उरतात ११.८ च्या आसपास. आणि विंडोज एमबी मोजते ती १०२४ च्या पटीत, म्हणून खिडकीत दिसतं ११.३. गिगाबिटला हाच आकडा ११३ च्या घरात जातो. म्हणजे तुमच्या वाटेत कुठेतरी एक टप्पा गिगाबिटचा राहिलेला नाही, शंभर मेगाबिटवर उतरलाय. डिस्क खराब असती तर आकडा इतका नेमका आणि इतका सपाट आला नसता. साइनिंगचंही तसंच.

तुमच्या स्टेटसमध्ये १.० जीबीपीएस दिसतंय ते खरं आहे, पण तो आकडा फक्त तुमच्या मशिनपासून हॉलमधल्या स्विचपर्यंतचा आहे. त्यापुढे वर जाणारी केबल, मग वरचा स्विच, मग एनएएसची केबल, यांच्याबद्दल तुमचं मशिन काहीच जाणत नाही. गल्लीतला रस्ता सिमेंटचा असला म्हणून हायवेपर्यंत सिमेंटचाच असेल असं नाही ना.

आता दोन गोष्टी करा.

लॅपटॉप घेऊन वरच्या खोलीत जा, एनएएस ज्या स्विचला आहे त्याच स्विचला लावा आणि तीच फाइल ओढा.

मग दोन्ही स्विचांचे दिवे बघा. वेगवेगळ्या कंपन्यांचे रंग वेगळे असतात, पण साधारणपणे गिगाबिटला एक रंग आणि शंभरला दुसरा. रंगाचा अर्थ स्विचच्या पुढच्या पट्टीवर बारीक अक्षरात छापलेला असतो.

आणि एक आठवून सांगा. हे सुरू कधी झालं? त्या सुमारास ऑफिसात काय काय बदललं?

आंबेमोहर | ९ सप्टेंबर, दुपारी १.१०

तारतम्य म्हणतात ते तपासाच, पण तिथे काही सापडलं नाही तर आमचा अनुभव ध्यानात ठेवा.

नाशिकला अंबड एमआयडीसीत आमचा कारखाना. ड्रॉइंगच्या फाइली सर्व्हरवरून मशिन शॉपला जायच्या. एकदा वेग इतका पडला की एक एमबीसुद्धा धड मिळेना. पिंग (समोरचं मशिन उत्तर देतं का हे बघणारा छोटा निरोप) मात्र व्यवस्थित, एकही चुकत नव्हता. सगळे म्हणायचे नेटवर्क ठीक आहे, सर्व्हर बघा. आठ दिवस सर्व्हरच्या मागे लागलो.

शेवटी निघालं असं की कुणीतरी स्विचच्या एका पोर्टवर हातानं १०० फुल ड्युप्लेक्स (१०० मेगाबिट, दोन्ही दिशांनी एकदम) असं बसवलं होतं आणि समोरचं टोक ऑटोवर, म्हणजे आपोआप ठरवण्यावर, होतं. एक बाजू वेगाबद्दल बोलतच नसेल तर ऑटोवाल्या बाजूला १०० हे कळतं, पण फुल की हाफ हे कळत नाही, म्हणून ती नियमाप्रमाणे हाफ (एका वेळी एकाच दिशेनं) धरते. मग एक बाजू बोलता-बोलता ऐकू शकते आणि दुसरी बोलणारा थांबायची वाट बघते. बारीकसा पिंग यातून निभावतो. मोठी फाइल आली की दोघांचं एकमेकांवर आदळणं सुरू होतं.

दोन्ही टोकं ऑटोवर ठेवली आणि पाच मिनिटांत सगळं सुरळीत झालं. मशिन शॉपचे फोरमन आठ दिवस पेनड्राइव्ह घेऊन जिना चढ-उतार करत होते, त्यांचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

वाटसरू | ९ सप्टेंबर, दुपारी ३.४५

एवढ्या मोठ्या फाइली असतील तर थेट १० गिगाबिटचे स्विच घ्या आणि दोन मजल्यांमध्ये फायबर (प्रकाशावर चालणारी काचेची केबल) टाका. एकदाच खर्च, पुढची दहा वर्षं बघायला नको.

तारतम्य | ९ सप्टेंबर, दुपारी ४.२०

वाटसरू, फायबर उत्तमच, आणि मजल्यांच्या मध्ये तर मी नेहमी फायबरच सुचवतो. पण यांची अडचण आजच्या रात्रीची आहे आणि यांना पूर्वी पंचवीस सेकंदांत फाइल मिळत होती. जे चालत होतं ते का थांबलं हे कळल्याशिवाय नवीन काही बसवलं तर जुना दोष नव्या सामानाच्या आत राहतो.

शाईपेन | ९ सप्टेंबर, रात्री ८.५०

तारतम्य दादा, वर लॅपटॉप लावला आणि क्षणभर विश्वासच बसला नाही. १०९ एमबी! दोन जीबीची फाइल वीस सेकंदांत. म्हणजे एनएएस बिचारा धडधाकट आहे. आम्ही त्याला भंगारात काढायला निघालो होतो.

दिवे: हॉलमधल्या स्विचवर नऊही मशिनांचे दिवे हिरवे. सोळा नंबरचा पोर्ट, ज्यातून केबल वर जाते, तो नारिंगी. वरच्या स्विचवरही त्याच केबलचा दिवा नारिंगी. पट्टीवर छापलंय ते वाचलं, हिरवा १०००, नारिंगी १०/१००.

रोज त्या स्विचसमोरून जाते. नारिंगी दिवा बघितलाही असेन, पण त्याचा असा अर्थ असतो हे माहीत नव्हतं.

सुरुवात म्हणाल तर जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कधीतरी. तेव्हा नेटवर्कमध्ये काहीच बदललेलं नाही. नवी मशिनं ऑगस्टमध्ये आली, म्हणजे नंतर.

तारतम्य | ९ सप्टेंबर, रात्री ९.३०

मग दोष त्या एका केबलीत. आता पक्कं करू या.

बाजारातून तीस मीटरची तयार पॅच कॉर्ड आणा आणि जिन्यावरून तात्पुरती दोन्ही स्विचांच्या मध्ये लावा. भिंतीतली केबल त्या वेळी दोन्हीकडून काढून ठेवा. दोन्ही एकदम लावू नका, साध्या स्विचांमध्ये त्याचं वर्तुळ होऊन अख्खं नेटवर्क बसेल. कॉर्डवर दिवा हिरवा झाला की स्विचचे पोर्टही निर्दोष सुटले.

मग भिंतीतल्या केबलीची दोन्ही टोकं उघडा. लॅन केबलीत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. प्रत्येक जोडीत एक पूर्ण रंगाची आणि एक पांढऱ्या पट्ट्याची. शंभर मेगाबिटला फक्त नारिंगी आणि हिरवी पुरते. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, आणि चारही एकाच वेळी दोन्ही दिशांनी बोलतात. म्हणून निळी किंवा तपकिरी यातली एक तार जरी तुटली, गंजली किंवा पिनेत नीट बसली नाही, तरी इंटरनेट चालतं, प्रिंट निघते, ईमेल येतं, कुणाला काही कळत नाही. वेग मात्र दहावा हिस्सा होतो. मी बघितलेल्या दहा तक्रारींतल्या सहा-सात तरी याच असतात.

टोकं उघडल्यावर काय दिसतं ते लिहा.

शाईपेन | ११ सप्टेंबर, रात्री १०.१०

सविस्तर लिहिते, कारण हे कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

काल संध्याकाळी कॉर्ड आणली. जिन्याच्या कठड्याला कागदी चिकटपट्टीनं बांधत वर नेली. लावल्याबरोबर दोन्ही दिवे हिरवे. हॉलमध्ये बसून फाइल ओढली: १०९. माझ्या शेजारची मुलगी उठून उभी राहिली आणि म्हणाली, ताई, पुन्हा दाखवा.

आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत हॉलमधला भिंतीवरचा डबा उघडला. चार स्क्रू, आत बोटभर धूळ. भिंतीतून राखाडी केबल येते, तिचं वरचं आवरण जवळजवळ वीतभर सोललेलं. नारिंगी, हिरवी आणि तपकिरी जोडी जॅकमध्ये बसवलेली. निळी जोडी मात्र जॅकमधून बाहेर काढलेली, पीळ उलगडून सरळ केलेली, आणि दुसऱ्या एका पातळ पांढऱ्या वायरला पिळून जोडलेली. वरून काळी टेप. ती पांढरी वायर डब्याच्या खालच्या भोकातून बाहेर पडून, स्कर्टिंगच्या कडेकडेनं, थेट रिसेप्शनच्या टेबलापर्यंत.

रिसेप्शनवर इंटरकॉम आहे. साहेबांच्या केबिनला जोडलेला. जुलैत बसवला.

वरचा डबाही तसाच, तिथे निळी जोडी बाहेर काढून केबिनकडे नेलेली. मी परवा लिहिलं होतं की नेटवर्कमध्ये काहीच बदललं नाही. खरंच बदललं नव्हतं. फोन म्हणजे नेटवर्क असं डोक्यातच आलं नाही. ज्यांनी इंटरकॉम बसवला त्या इलेक्ट्रिशियनला विचारलं तर ते म्हणाले, भिंत फोडायला नको म्हणून मोकळी जोडी वापरली, सगळीकडे असंच करतात.

तारतम्य | ११ सप्टेंबर, रात्री ११.००

ताई, डबा उघडून इतकं बारकाईनं लिहिलंत याबद्दल मनापासून आभार.

इलेक्ट्रिशियन खोटं बोलत नाहीत. शंभर मेगाबिटच्या जमान्यात निळी आणि तपकिरी खरोखर मोकळ्या असायच्या आणि निळीवरून टेलिफोन नेणं ही सर्रास पद्धत होती. मी स्वतः कितीतरी ऑफिसांत तशी लाइन दिली आहे. एकाच केबलीवर दोन कॉम्प्युटरही चालवलेत, नारिंगी-हिरवी एकाला, निळी-तपकिरी दुसऱ्याला. तांब्याच्या केबलीवरचं गिगाबिट १९९९ साली प्रमाणित झालं, ते ऑफिसा-ऑफिसांत पोचलं तेव्हा ‘मोकळी जोडी’ ही गोष्टच संपली. ही बातमी फोनवाल्यांपर्यंत नीट पोचली नाही.

स्विच आपोआप शंभरवर का उतरला तेही सांगतो. दोन टोकं आधी आपसात वेग ठरवतात, आणि ते बोलणं नारिंगी-हिरव्या जोड्यांवरून होतं. त्या शाबूत, म्हणून दोघांनीही गिगाबिट कबूल केलं. मग प्रत्यक्ष सुरू करायला गेले तर निळीवरून उत्तरच नाही. आजकालच्या बहुतेक चिपा काही वेळा प्रयत्न करून खाली उतरतात आणि १०० वर जोडतात. ही सोय नसती तर लाइन लागलीच नसती, आणि खरं सांगायचं तर दोष त्याच दिवशी सापडला असता.

आणखी एक. फोनची रिंग वाजते तेव्हा त्या जोडीवर ७० ते ९० व्होल्टचा एसी दाब असतो. ती वायर चुकून पोर्टच्या पिनेला लागली तर पोर्ट जातो. तेव्हा हे लवकरात लवकर वेगळं करा.

करताना: निळी जोडी परत जॅकमध्ये बसवता येईल, पण वीतभर पीळ उलगडलेल्या तारा वापरू नका. तेवढा तुकडा कापा आणि मागून ताजी केबल ओढा. पीळ जॅकच्या तोंडापासून १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही. त्या पिळामुळेच एका जोडीचा आवाज दुसरीत जात नाही. आणि शक्य असेल तर इंटरकॉमबरोबरच एक नवी केबलही ओढून घ्या, एक चालू आणि एक राखीव. घेताना पूर्ण तांब्याचीच घ्या. स्वस्तातल्या कितीतरी केबली आतून ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा अशा असतात. एक तार ब्लेडनं खरवडा. आतून पांढरी चमक दिसली तर परत करा. ती जॅकमध्ये वाकवताना तुटते, आणि लांब अंतरावर दगा देते.

उंबरठा | १२ सप्टेंबर, सकाळी ८.३०

उत्तम. काम झाल्यावर नुसता दिवा बघून थांबू नका. आयपर्फ नावाचा फुकट प्रोग्राम आहे, तो वरच्या लॅपटॉपवर आणि खालच्या कॉम्प्युटरवर चालवा. तो डिस्कला हात न लावता फक्त तारेचा वेग मोजतो. शंभरची लाइन असेल तर ९४ मेगाबिटच्या आसपास येतं, गिगाबिट असेल तर ९४० च्या. मध्येच पाचशे-सहाशे आलं तर जोडणी अजून कच्ची आहे असं समजा.

शाईपेन | १४ सप्टेंबर, संध्याकाळी ६.३०

आज रविवार, ऑफिस बंद, म्हणून काम उरकून घेतलं. जिन्याच्या कडेनं केसिंग पट्टी मारून दोन नव्या केबली आणि इंटरकॉमची वेगळी वायर टाकली. ब्लेडनं खरवडून मगच केबल घेतली. दुकानदारानं पहिल्यांदा काढून दिलेली आतून पांढरी निघाली. दुसरी आतपर्यंत लाल.

आयपर्फ: ९४१. मुखपृष्ठाची फाइल: १९ सेकंद.

पण एक गोष्ट तशीच राहिली. अंक पूर्ण झाला की इनडिझाइनमधून (पानं मांडायचा प्रोग्राम) आम्ही पॅकेज काढतो, त्यात फॉन्ट, छोट्या जाहिराती, चिन्हं, जुन्या अंकांचे तुकडे असं सगळं असतं. एका फोल्डरमध्ये १८ हजार फाइली, एकूण जेमतेम ३ जीबी. तो एनएएसवर टाकायला अजूनही नऊ मिनिटं लागतात. ३ जीबीची एकच फाइल अर्ध्या मिनिटात जाते. मग हे काय?

उंबरठा | १४ सप्टेंबर, रात्री ९.००

हा दोष नव्हे, कामाची रीतच तशी आहे. पण उपाय आहे.

कारखान्याच्या गेटवर ट्रक आला की गेटपास बनतो, वजन होतं, सही होते. एकाच ट्रकमध्ये तीन टन माल असेल तर हे सगळं एकदा होतं. तोच माल १८ हजार जणांनी एकेक पिशवी हातात घेऊन आणला तर प्रत्येकाचा गेटपास वेगळा. एसएमबीत प्रत्येक फाइलसाठी उघडा, लिहा, तारीख बसवा, बंद करा असे निरोप जातात आणि प्रत्येकाचं उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं. वर अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडून बघतो. तुमच्या आकड्यांचा भागाकार केला तर एका फाइलला ३० मिलिसेकंद पडतात. तार रिकामीच असते, वेळ जातो तो थांबण्यात. तुम्ही आता १० गिगाबिट टाकलं असतं तरी हे नऊ मिनिटांचे साडेआठ झाले असते.

दोन मार्ग. पॅकेज आधी आपल्याच मशिनवर झिप करा आणि मग ती एकच फाइल पाठवा. संग्रही ठेवायच्या अंकांसाठी हेच उत्तम. आणि जिथे फोल्डर उघडाच हवा तिथे विंडोजमधलं रोबोकॉपी वापरा. त्याला एमटी हा पर्याय दिला की एकाऐवजी अनेक फाइली एकाच वेळी जातात. आकडा दिला नाही तर आठ धरतो. एनएएस जुना आहे, तेव्हा सोळापुढे जाऊ नका.

अँटिव्हायरसमधून एनएएस पूर्ण वगळू नका, बाहेरून आलेल्या जाहिरातींच्या फाइली तुमच्याकडे रोज येतात.

दर्यावर्दी | १५ सप्टेंबर, सकाळी १०.२०

पणजीहून. आमचंही छपाईचंच काम. एक सुचवतो: चालू अंकाच्या लिंक्स एनएएसवर ठेवा, पण मोठी लेयर फाइल संपादताना आधी आपल्या मशिनवर घ्या आणि संध्याकाळी परत टाका. सेव्ह करताना वीज गेली तर फाइल अर्धवट राहते, हे आम्ही भर चतुर्थीच्या आधी सोसलंय. बाहेरच्या हार्ड डिस्कवर रोज रात्री वेगळी प्रत मात्र घ्याच. चार डिस्कचा एनएएस म्हणजे बॅकअप नव्हे, चुकून पुसलेली फाइल चारही डिस्कवरून एकदमच जाते.

शाईपेन | १७ सप्टेंबर, रात्री ९.१५

झिप करून पाठवायला दोन मिनिटं, रोबोकॉपीनं तीन. नऊ मिनिटांवरून. दर्यावर्दी, रात्रीची प्रत कालपासून सुरू केली.

एक लॅपटॉप अजून ११ वरच होता. त्याचा नेटवर्कची केबल जोडायचा यूएसबी डोंगल उलटा करून बघितला, मागे १०/१०० छापलेलं. बदलायला पाठवलाय.

केशरी, नव्या मशिनांवर साइनिंग तसंच ठेवलंय. जुन्यांना १११, नव्यांना १०२. तुमचं म्हणणं चूक नव्हतं, फरक दिसतो, पण तेवढा चालेल.

रानवाट | १९ सप्टेंबर, दुपारी १२.४०

नागपूरहून. आर्किटेक्टचं ऑफिस आहे, हा धागा वाचून काल आमच्या स्विचचे दिवे बघितले. चौदापैकी तीन नारिंगी. एक मशिन खूप जुनं आहे, त्याचं कार्डच शंभरचं. दुसऱ्याची पॅच कॉर्ड खुर्चीच्या चाकाखाली चेपलेली, बदलली, हिरवा झाला. तिसऱ्याचा जॅक उघडला तर तपकिरी-पांढरी तार नुसती टेकवलेली, दाबलेलीच नव्हती. पंचिंग टूल (तारा जॅकमध्ये दाबायचं हत्यार) नव्हतं, शेजारच्या ऑफिसातून मागून आणलं.

त्या तिसऱ्या टेबलावर बसणाऱ्या मॅडम दोन वर्षं सांगत होत्या की माझंच मशिन हळू चालतं, आणि आम्ही त्यांना रॅम वाढवून दिली होती. आज सकाळी त्यांच्यासमोर फाइल उघडून दाखवली.

शाईपेन | १९ सप्टेंबर, रात्री ८.३०

रानवाट, हे वाचून फार बरं वाटलं. आमच्याकडे आज एक काम आणखी केलं. दोन्ही डब्यांच्या झाकणांवर आतून मार्करनं लिहिलं: ‘या केबलीतल्या आठही तारा वापरात आहेत. इंटरकॉमची वायर शेजारच्या पट्टीत आहे.’ इलेक्ट्रिशियनना बोलावून दाखवलंही. त्यांनी मोबाइलवर त्याचा फोटो काढून घेतला.